क्षुधितांचा कैवारी : ताकाशी यानासे

1973 साली जपानमधील फ्रोबेलकान या बालवाङ्मयाच्या प्रकाशनसंस्थेने ताकाशी यानासे यांचे 'आनपानमान' हे चित्रपुस्तक बालवाडीतील मुलांसाठी काढले, तेव्हा ते शिक्षकांना, समीक्षकांना आणि खुद्द प्रकाशन व्यवसायातील जाणत्या मंडळींनाही रुचले नाही. आनपान म्हणजे आपल्या पुरणासारखे अझुकी या तांबड्या कडधान्याचे गोड सारण भरलेला पाव; एकोणिसाव्या शतकात तोक्योच्या गिंझा पेठेतील किमुराया या दुकानाने तो प्रचारात आणला. यानासे यांच्या नायकाचे मस्तक या पावाचेच असून, ठिगळे लावलेले वस्त्र पांघरून तो आकाशमार्गे हिंडतो आणि क्षुधेने व्याकूळ झालेला जीव दृष्टीस पडला की स्वतःचा चेहराच त्याला खाऊ घालतो. असले क्रूर चित्र कोवळ्या मुलांपुढे ठेवू नये, असा आक्षेप निघाला. तथापि ज्यांना अक्षरओळखही झाली नव्हती अशा तीन-चार वर्षांच्या मुलांनी ते पुस्तक पाने सुटेपर्यंत हाताळले, आणि माझ्या मते त्या मुलांनाच त्यातील मर्म प्रथम उमगले.

ते मर्म लेखकाच्या आयुष्यातून आले होते. 6 फेब्रुवारी 1919 रोजी जन्मलेल्या यानासे यांचे वडील वृत्तपत्राचे बातमीदार. ते 1924 साली चीनमध्ये वारले, आईने पुनर्विवाह केला, आणि ताकाशी व धाकटा चिहिरो हे दोघे बंधू शिकोकू बेटावरील कोची प्रांतात डॉक्टर असलेल्या चुलत्यांच्या आश्रयाने वाढले. तोक्योस चित्रकलेचे व आरेखनाचे शिक्षण संपवून औषधांच्या एका कंपनीच्या जाहिरात खात्यात ते रुजू होतात न होतात तोच, 1941 साली त्यांना फौजेत दाखल व्हावे लागले. तोफखान्यातून त्यांची रवानगी चीनच्या मुलखात झाली. सांकेतिक लिपीतील संदेश उलगडण्याचे काम त्यांच्याकडे होते. लढाईतील मरणापेक्षाही त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला तो उपासमारीचा, कारण रसद आटल्यावर पाणीदार पेजेवर आणि रानातील पाल्यावर दिवस कंठणाऱ्या शिपायाला दुसऱ्या कोणत्याही दुःखाची आठवण उरत नाही. 1944 साली चिहिरो आरमारात असता समुद्रात बुडाला. पुढच्या वर्षी सरकारने शरणागती पत्करली आणि कालपर्यंत ज्याला न्याय म्हणत होते तोच एका दिवसात अन्याय ठरला. राज्यकर्ते पालटले की पालटतो तो न्याय खरा नव्हे, भुकेलेल्याला अन्न देणे हा न्याय मात्र कोणत्याही मुलखात, कोणत्याही अमदानीत उलटत नाही, हा यानासे यांचा सिद्धान्त या अनुभवातून आला.

युद्धानंतर कोचीच्या वृत्तपत्रात त्यांनी नोकरी केली. तेथेच नोबू या सहकारिणीशी त्यांचा स्नेह जडून पुढे विवाह झाला. तोक्योच्या मित्सुकोशी या विख्यात भांडाराच्या जाहिरात खात्यातही ते काही वर्षे होते, आणि त्या भांडाराच्या वेष्टनकागदावरील नावाची अक्षरे त्यांच्याच हातची आहेत. 1953 साली नोकरी सोडून त्यांनी व्यंगचित्रांवर निर्वाह करण्याचे ठरविले खरे, परंतु ओसामू तेझुका यांच्या दीर्घ चित्रकथांनी सारे क्षेत्र व्यापलेल्या त्या काळात यानासे यांच्या वाट्याला नाटकांचे नेपथ्य, नभोवाणीची संहिता, असे मिळेल ते काम येत गेले. अशा उदास काळातील एका रात्री दिव्यापुढे धरलेल्या आपल्या हातातून रक्ताची लाली झळकताना त्यांनी पाहिली, आणि मन खचले तरी रक्त वाहतेच आहे या जाणिवेतून 1961 साली तळहात आणि सूर्य यांवरचे त्यांचे गीत जन्मास आले. ताकू इझुमी यांनी त्याला चाल लावली; एनएचके या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेच्या कार्यक्रमातून ते गाजले, आणि कृमिकीटकांनाही माणसाच्या पंक्तीला बसविणारे ते गीत जपानी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले.

आनपानमान प्रथम अवतरला तो 1969 साली, मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या एका लघुकथेत. तेथे तो स्थूल देहाचा एक साधा मनुष्य होता; भुकेल्या मुलांना पाव वाटत फिरताना शत्रू समजून त्याच्यावर तोफा डागल्या जातात. मुलांसाठी लिहिताना लेखकाने त्या माणसालाच पाव केले, आणि हा फेरफार मला त्यांच्या प्रतिभेचा कळस वाटतो. जवळचे अन्न दुसऱ्याला देणारा दानशूर ठरतो. परंतु चेहरा देणाऱ्याचे बळ खचते, तो धड उडूही शकत नाही, आणि पाव भाजणाऱ्या जाम काकांनी नवे मस्तक बसवीपर्यंत तो असहाय असतो. दुसऱ्याचे हित करू जाणाऱ्याला स्वतः झीज सोसावी लागते, हे सत्य यानासे यांनी मुलांपासून लपविले नाही. आनपानमानचा प्रतिस्पर्धी बाइकिनमान हा रोगजंतू. तो दर वेळी हरतो, पण त्याचा नायनाट होत नाही. जेथे किण्वाशिवाय पावच फुगत नाही तेथे सूक्ष्म जंतूंचा समूळ उच्छेद कोण करील?

कीर्ती मात्र फार उशिरा आली. ऑक्टोबर 1988 मध्ये आनपानमानची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली तेव्हा यानासे 69 वर्षांचे होते. तिचे शीर्षकगीतही त्यांचेच. मुलांच्या गाण्यात सहसा न येणारा, आपण जन्माला कशासाठी आलो हा प्रश्न त्यांनी त्यात सरळ घातला. काव्य व परीकथा यांना वाहिलेल्या मासिकाचे संपादनही त्यांनी 1973 पासून तीस वर्षे केले, आणि अनेक नवोदितांना तेथे आसरा दिला.

मार्च 2011 मधील भूकंप आणि सागरी लाटांनी ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला, तेव्हा आकाशवाणी केंद्रांकडे हेच शीर्षकगीत लावण्याची मागणी आली आणि निवाऱ्यांतील मुले त्यासोबत गाऊ लागली. ब्याण्णवाव्या वर्षी, प्रकृती ढासळत असताना, निवृत्त होऊ पाहणारे यानासे पुन्हा कामास लागले. आपद्‌ग्रस्तांसाठी त्यांनी भित्तिपत्रके काढली, आणि रिकुझेंताकाता येथील हजारो झाडांच्या बनातून वाचलेल्या एकमेव पाइन वृक्षावर गीत लिहिले. 13 ऑक्टोबर 2013 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांची मालिका आजही चालू आहे.