अब्बांची कलमं

आमचे अब्बा तीस वर्षं जहाजावर होते. कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात तेव्हा घरटी एक पुरुष दर्यावर असायचाच. त्यामुळे आम्हां पाच भावंडांना बाप म्हणजे वर्षातले दोन महिने आणि एक मोठी पेटी, इतकंच ठाऊक. खरे अब्बा आम्हांला भेटले ते निवृत्तीनंतर, घरामागच्या परड्यात.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन ते कोय कलम शिकून आले. पावसाळ्यात रुजलेल्या कोयीचं रोप पंधराएक दिवसांचं, तांबूस पानांचं असतानाच छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोरखंड ओढून राठ झालेली त्यांची बोटं इथे फार हलकी चालत. दोन झाडांत दहा मीटर अंतर सोडलेलं पाहून अम्मी हसली, "एवढी जागा कुणासाठी?"

"नातवंडांसाठी," अब्बा म्हणाले.

पाखरांनी टोचलेल्या आंब्यासाठी आम्ही हळहळलो, की ते हदीसची आठवण देत: लावलेल्या झाडाचं पाखरानं खाल्लं, तरी तो सदकाच. माकडांच्या बाबतीत मात्र त्यांची ही उदारता टिकत नसे. गोफण घेऊन धावत!

ऐंशी उलटल्यावरही फजरनंतर ते परड्यातच सापडत. गेल्या पावसाळ्यात त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा चाळीस नवी कलमं पिशव्यांत उभी होती. जोड धरला, पालवी फुटली. बांधलेल्या पट्ट्या अम्मीने एकेक करून सोडल्या.