बदकाचें अंडें अडलें असतां

गाय अडली म्हणजे घरांतील सर्व माणसें गोठ्याकडे धांवतात. कोणी दिवा धरतो, कोणी डॉक्टरांस आणावयास निघतो, आणि वासरूं सुखरूप बाहेर पडेपर्यंत कोणाच्या तोंडांत घांस जात नाहीं. परसांतील बदक अडलें तर मात्र तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तें खुराड्याच्या कोपऱ्यांत मान आंखडून बसतें आणि दुसऱ्या दिवशीं मेलेलें आढळतें. 'कांहीं तरी रोग आला' असें म्हणून आपण तें पुरून टाकतों. हा रोग कोणता, तो टाळतां येतो कीं काय, व ऐन वेळीं घरच्या माणसानें काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

पनवेलच्या आसपासची भातखाचरें, लहानमोठीं तळीं आणि गाढी नदीचें पाणी यांमुळें बदकांस हा मुलूख मानवण्यासारखा आहे. २०१६ सालीं पनवेलीस महानगरपालिका झाली. तत्पूर्वींपासूनच पुष्कळ खाचरें इमारतींखालीं जाऊं लागलीं होतीं. आमच्या ओळखीच्या ज्या घरांची थोडीबहुत जमीन व वाडी शिल्लक आहे, त्यांपैकीं कांहींच्या परसांत अद्याप दोनचार बदकें दिसतात. तीं अंड्यांच्या विक्रीसाठीं नसून बहुतेक मुलांच्या हौसेखातर ठेविलेलीं असतात. अशा बदकांस नांवें असतात, तीं हांकेस येतात, आणि त्यांच्यापैकीं एक आजारी पडलें कीं घरांतील लहान मुलें जेवत नाहींत.

प्रथम अंडें कसें घडतें तें पाहूं. पक्ष्यांच्या मादीचें बहुधा डाव्या बाजूचेंच अंडाशय व डावीच अंडनलिका काम करिते. उजवी बाजू वाढतच नाहीं. अंडाशयांतून पिवळा बलक सुटला म्हणजे अंडनलिकेचें नरसाळ्यासारखें तोंड त्यास झेलून घेतें. पुढें कांहीं तासांत त्याच्याभोंवतीं पांढरा बलक चढतो, मग पातळ पापुद्रे बसतात, आणि शेवटीं कवच घडविणाऱ्या भागांत तें अंडें दिवसाचा मोठा भाग मुक्काम करितें. या सर्व कामास एकंदर एक अहोरात्र किंवा त्याहून किंचित् अधिक वेळ लागतो. बदक बहुधा पहाटे किंवा सकाळीं ९ च्या आंत अंडें घालतें.

७० ग्रॅम वजनाच्या अंड्याचें कवच सुमारें ७ ग्रॅम भरतें व त्यांत अडीच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. हें सर्व कॅल्शियम मादीच्या खाण्यांतून, आणि तें पुरलें नाहीं तर तिच्या हाडांतून येतें. शिवाय अंडें बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंस आकुंचन पावण्यासहि रक्तांत कॅल्शियमच लागतें. तें कमी पडलें कीं दुहेरी संकट ओढवतें. कवच मऊ किंवा खडबडीत होतें, आणि तें बाहेर टाकण्याचें बळहि अंगांत राहत नाहीं.

या संकटांत मनुष्याचा वांटा मोठा आहे. मस्कोव्ही जात सोडली तर पाळीव बदकांच्या सर्व जाती मॅलार्ड नांवाच्या रानबदकापासून निघाल्या आहेत. हें रानबदक एका घरट्यांत १० च्या आसपास अंडीं घालून तीं उबवावयास बसतें. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत कॅम्पबेल नांवाच्या बाईंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं निपजविलेली खाकी कॅम्पबेल ही जात मात्र वर्षांत ३०० पर्यंत अंडीं देते, आणि खुडूक बसण्याची बुद्धि तिच्यांत फारशी उरलेली नाहीं. जें शरीर आपण इतकें राबतें केलें, त्याची झीज भरून देणें हें आपल्याकडेच येतें.

आमच्या स्वतःच्या परसांतील अनुभव येथें सांगणें जरूर आहे. माघांतल्या एका थंड सकाळीं आमचें एक बदक खुराड्यांतून बाहेर आलें नाहीं. वय जेमतेम आठ महिन्यांचें, आणि आदल्या पंधरवड्यांतच तें अंडीं घालूं लागलें होतें. खाणें म्हणजे घरचा उरलेला भात, पावाचे तुकडे व कोंडा. पोट साफ होत नसावें असें समजून आम्हीं त्यास एरंडेल पाजलें व दुपारपर्यंत वाट पाहिली. दुपारीं तें शेपूट खालीं टाकून, पाय फांकवून, अंग उभें ताठ धरून कुंथूं लागलें. तेव्हां कुठें आम्हीं पोटाखालीं हात लाविला, आणि कठीण गोळा हातास लागला.

संध्याकाळीं पशुवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र घेऊन पूर्ण तयार झालेलें अंडें आडवें बसल्याचें दाखविलें. त्यांनीं कॅल्शियमचें इंजेक्शन दिलें, कातडीखालीं सलाईन भरलें व बदकास उबेंत ठेविलें. रात्रीं साडेदहाच्या सुमारास अंडें बाहेर पडलें. त्याचें कवच खडबडीत व एका बाजूस कागदासारखें पातळ होतें. बदक वांचलें. फुकट गेलेला दिवस मात्र केवळ आमच्या अज्ञानाचा होता, आणि तेवढ्यांत तें मरतें तर दोष थंडीचा नव्हे, आमचाच ठरता.

अंडें अडण्याचीं कारणें अनेक आहेत. खाण्यांत कॅल्शियम कमी असणें हें मुख्य. भात व पाव यांत तें नसल्यासारखेंच असतें. भाताच्या कोंड्यांत स्फुरद पुष्कळ पण कॅल्शियम फार थोडें असल्यामुळें नुसत्या कोंड्यानें हा तोटा वाढतो. दुसरें कारण, मादी फार कोंवळी किंवा फार म्हातारी असणें. तिसरें, कोंडून ठेविल्यामुळें व गोडधोड खाण्यामुळें आलेली चरबी. चौथें, दोन बलकांचें किंवा वेड्यावांकड्या आकाराचें अंडें. पांचवें, अंडनलिकेस झालेला दाह. यांखेरीज थंडी, भीति व अंडें घालण्यास निवांत जागा नसणें यांचाहि परिणाम होतो.

लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. नेहमीं अंडें घालणारें बदक एकाएकीं थांबतें, वारंवार घरट्यांत जाऊन रिकामें परत येतें, कुंथतें, शेपूट हालवितें, पाण्यांत उतरत नाहीं, खाणें सोडतें. पोटाचा मागील भाग फुगलेला लागतो. तोंड उघडें टाकून श्वास घेऊं लागलें किंवा पायांतील बळ गेलें तर क्षणाचाहि विलंब न लावितां पशुवैद्य गांठावा. कारण अडलेलें बदक एकदोन दिवसांतच मरण्याचा संभव असतो.

बदक अजून सावध असेल तर घरीं पुढील उपचार करावा. घमेल्यांत कोमट पाणी घ्यावें. आपल्या कोपरास तें सुखद वाटेल इतकेंच ऊन असावें. त्यांत बदकास पोट व मागील भाग बुडेल असें २० ते ३० मिनिटें बसवावें व पाणी निवूं देऊं नये. नंतर अंग टिपून कोरडें करावें आणि अंधाऱ्या, उबदार, पण हवा खेळती असलेल्या जागीं मऊ पेंढ्यावर एकटें ठेवावें. मागील द्वाराच्या कडेस बोटानें थोडें खोबरेल लावण्यास हरकत नाहीं. मात्र तेल पिसांस लागूं देऊं नये, कारण तेलकट पिसांत पाणी शिरतें व बदक गारठतें. प्यावयास स्वच्छ पाणी जवळ असावें. कॅल्शियमचें पातळ औषध किती द्यावें हें फोनवरून तरी पशुवैद्यांस विचारून घ्यावें. दोनतीन तासांत अंडें न आलें तर घरगुती उपाय संपले असें समजावें.

काय करूं नये हें त्याहून महत्त्वाचें आहे. पोट दाबून अंडें बाहेर ढकलूं नये. आंत बोट किंवा काडी घालून अंडें फोडूं नये. कवचाच्या धारेनें अंडनलिका चिरते व मागून पू होतो. आम्हीं पाजिलें तसें एरंडेल पाजूं नये. अन्नाचा मार्ग वेगळा व अंड्याचा वेगळा असल्यामुळें त्याचा उपयोग कांहींच होत नाहीं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. पशुवैद्याजवळ इंजेक्शनाखेरीज सुईनें अंड्यांतील बलक ओढून घेऊन अंडें लहान करणें, आणि अखेरीस शस्त्रक्रिया करणें, हे मार्ग असतात. परंतु ते त्यांच्याच हातचे होत.

फार कुंथल्यामुळें कधीं कधीं अंडनलिकेचा लाल, ओला भाग बाहेर येतो. गाईचें अंग बाहेर पडावें तसाच हा प्रकार आहे. अशा बदकास प्रथम इतरांपासून वेगळें करावें, कारण लाल मांस दिसतांच इतर पक्षी त्यास टोंची मारतात. तो भाग मिठाच्या सौम्य कोमट पाण्यानें धुवावा, ओल्या स्वच्छ फडक्यानें झांकून सुकूं न देतां तसेंच पशुवैद्याकडे न्यावें. नर बदकाचें इंद्रिय बाहेर राहून आंत न जाण्याचा विकारहि होतो. तेथेंहि उपाय हाच, आणि त्यास कांहीं दिवस माद्यांपासून दूर ठेवावें.

तिसरा विकार अधिक फसवा आहे. बलक अंडनलिकेंत न जातां पोटाच्या पोकळींत पडतो व तेथें दाह सुरू होतो. बदक हळूहळू रोडावतें, पण पोट मात्र लोंबूं लागतें. पाहणारास तें लठ्ठ झालें असें वाटतें. छातीचें हाड हातास टोंचत असेल आणि पोट मऊ, पाण्यानें भरल्यासारखें लागत असेल, तर हाच विकार असण्याचा संभव धरावा. यावर घरचा उपाय नाहीं. कांहीं देशांत असल्या पाळीव पक्ष्यांच्या कातडीखालीं औषधाची बारीक कांडी बसवून कांहीं महिने अंडीं बंद ठेवितात. आपल्या पशुवैद्यांजवळ त्याविषयीं चौकशी करण्यास हरकत नाहीं.

आतां प्रतिबंधाविषयीं. अंडीं घालणाऱ्या मादीस अंड्यांवरील पक्ष्यांचें तयार खाद्य द्यावें. त्यांत सुमारें ३ टक्के कॅल्शियम असतें. भात व पाव हे केवळ चवीपुरते असावेत. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यांत सदैव ठेवावा. पनवेलच्या खाडीकाठीं शिंपल्यांस तोटा नाहीं. हा चुरा सर्वांच्या खाद्यांत मिसळूं नये, कारण नरांस व पिलांस जास्त कॅल्शियमानें मूत्रपिंडाचा विकार जडतो. मादी आपल्या गरजेप्रमाणें उचलून घेते. पांचसहा माद्यांस एक नर पुरे. एका मादीमागें दोन नर लागले तर तिच्या पाठीस व मागील भागास जखमा होतात. रात्रीं खुराड्याजवळ विजेचा दिवा जळत ठेवूं नये. उजेडाचे तास वाढले कीं अंडीं वाढतात, आणि हौसेच्या बदकास ती वाढ नको आहे. पोहण्यास पाणी, फिरण्यास जागा व पावसाळ्यांत कोरडें अंथरूण असावें. भाताचें तूस ओलें होतांच बदलावें.

औषध चालू असतां व त्यापुढें पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्या बदकाचीं अंडीं खाऊं नयेत. त्यास हाताळल्यावर हात साबणानें धुवावेत. एकाच वेळीं अनेक पक्षी पटापट मरूं लागले तर तो अंड्याचा विकार नव्हे. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लूनें काय हाहाकार केला तो सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळीं मेलेल्या पक्ष्यांस हात न लावितां पशुसंवर्धन खात्यास तात्काळ कळवावें.

पशुवैद्य कोठें मिळेल ही अडचण पुष्कळांस असते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत प्रथम चौकशी करावी. १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. क्ष-किरण व शस्त्रक्रियेची जरुरी पडल्यास मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, व तेथेंच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें जुनें रुग्णालय आहे. बदक नेतांना खोक्यास भोंकें पाडून आंत पेंढा घालावा व अडल्याचें कधीं लक्षांत आलें ती वेळ लिहून न्यावी.

शेवटीं खर्चाचा प्रश्न उरतो. आमच्या बदकासाठीं त्या दिवशीं डॉक्टरांस व रिक्षास जें द्यावें लागलें, त्यांत नवीं तीनचार बदकें आलीं असतीं. असा खर्च प्रत्येकानें करावाच असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ज्यास तो झेपत नसेल त्यानेंहि बदकास कोपऱ्यांत दोन दिवस तडफडत ठेवूं नये. बरें होण्याची आशा नसेल तेव्हां त्यास वेदनारहित मरण देण्याविषयीं पशुवैद्यांस विचारावें. आणि शिंपल्यांचा चुरा तर कोणासहि परवडतो.

आमचें तें बदक अद्याप वाडींत हिंडतें. अंडीं तें पूर्वींहून कमी घालतें, पण तीं चांगल्या कवचाचीं असतात. रोज सकाळीं खुराडें उघडतांना तें बाहेर येतें कीं नाहीं इकडे आतां आमचें पहिलें लक्ष असतें. ज्या वाचकांनीं बदकें पाळिलीं असतील त्यांनीं या विकाराविषयींचे आपले अनुभव अवश्य कळवावेत.