माती, गादी आणि कमरेवरची कुस्ती

कवठेपिरान हे मारुती माने यांचं गाव, तर शिराळा तालुक्यातलं पुनवत हे गणपतराव आंदळकरांचं. दोन्ही गावं सांगली जिल्ह्यातली, दोघेही मातीत घडलेले पैलवान. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हे दोघे प्रत्येकी दोन वेगळ्या कुस्त्या लढले आणि पदकं अशी पडली, की कुणी बसून जुळवली असावीत. ९७ किलो गटात मान्यांना फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळालं. त्याहून जड गटात आंदळकरांनी नेमकं उलटं केलं: ग्रीको-रोमनचं सुवर्ण, फ्रीस्टाइलचं रौप्य.

यातलं अवघडपण बाहेरून दिसत नाही. मातीतल्या जुन्या फडात गुणांचा हिशेब नसे. पाठ टेकली की कुस्ती निकाली. गादीवरच्या फ्रीस्टाइलमध्ये घड्याळ आलं, गुण आले, पण धरायला अख्खं अंग मोकळं राहिलं. ग्रीको-रोमनमध्ये तेही गेलं. तिथं कमरेखाली हात घालायचा नाही आणि पायानं पाय अडकवायचा नाही. एकेरी पट, दुहेरी पट, टांग, म्हणजे हौद्यात पोरवयापासून घोटलेलं निम्मं भांडवल एका नियमात बाद. उरतात मान, मनगट, छाती आणि धोबीपछाडीसारखे वरच्या अंगाचे डाव.

असं असूनही आंदळकरांचं सुवर्ण याच प्रकारात आलं, याचं फार नवल वाटू नये. जड पैलवानांच्या मातीतल्या कुस्तीत बराच वेळ मानेवर आणि मनगटावरच जातो. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत तयार झालेले आणि १९६० मध्ये हिंदकेसरी ठरलेले आंदळकर त्या झुंजीत मुरलेले होते. माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. त्याच वर्षी आंदळकर टोकियो ऑलिम्पिकलाही जाऊन आले.

ही वाट आधी मळवली होती ती साताऱ्यानं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीचा त्यांना सराव नव्हता. तरी ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतून गादीवर जाताना सगळं टाकून द्यावं लागतं असं नाही, हे खाशाबांच्या ढाकेनं दाखवलं. प्रतिस्पर्ध्याची मान कवळून त्याला फेकणारा हा डाव पृष्ठभाग बदलला तरी चालतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण टाकलं. खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, तेही २००० मध्ये. इतक्या उशिराला विलंब हा शब्द सौम्यच.

आज मातीतून गादीवर येणं ही कुणा एकाची धडपड राहिलेली नाही, स्पर्धेचीच ती रचना झाली आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी एकमेकांशी भिडतात. एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्यात झाली, तेव्हा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं अंतिम कुस्ती ५-४ अशी गुणांवर जिंकली. ग्रीको-रोमनला मात्र या गदेच्या वाटेवर जागा नाही. आंदळकरांनी ज्या कुस्तीत आशियाचं सुवर्ण आणलं, तिचा फड गावच्या जत्रेतही लागत नाही.