ग्राहकधारणा

ग्राहकधारणा म्हणजे एखादी वस्तू किंवा आवाहन यांविषयी ग्राहकाच्या मनात तयार झालेली समजूत होय. वस्तूचे प्रत्यक्ष गुण आणि ही समजूत यांत बरेच अंतर असू शकते. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात तरुण, वृद्ध व प्रौढ श्रोत्यांच्या स्वभावांची स्वतंत्र चर्चा केली आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचा गणेशमूर्ती व्यवसाय हे याचे बोलके उदाहरण आहे. पेण शहर, हमरापूर व जोहे येथील मूर्ती दूरवर जातात. ग्राहक आधी मूर्तीचा चेहरा व डोळ्यांची आखणी पाहतो. ती कशाची घडवली आहे, हा प्रश्न बहुधा नंतर येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी व स्वस्त असते, तर शाडूची जड व नाजूक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनास नाही. त्यामुळे निवडीचा भार पुन्हा ग्राहकावर आला.

‘जलप्रदूषण’ हा शब्द भाविकाला दूरचा वाटू शकतो. विसर्जनानंतर किनाऱ्यावर पडलेली भग्न मूर्ती मात्र थेट श्रद्धेला भिडते. वस्तुस्थिती एकच, की प्लॅस्टर पाण्यात सहज विरघळत नाही. कारागीर तेच आवाहन वेगळ्या कानांनी ऐकतो: प्लॅस्टर साच्यात काही मिनिटांत घट्ट होते, शाडूला वाळायला कित्येक दिवस लागतात, आणि तेही ऐन पावसाळ्यात.