दोरी, दगड आणि पाणी : चारठाण्याचा मागोवा

देवगिरीच्या यादवांच्या काळात मराठवाड्यात मंदिरं आणि बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, मोठ्या संख्येनं उभ्या राहिल्या. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे त्या काळातलं एक समृद्ध गाव. गोकुळेश्वर, नृसिंह, उकंडेश्वर अशी मंदिरं, एक उंच कोरीव स्तंभ आणि बारव आजही तिथं आहेत. आपण या सगळ्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो आणि श्रेय यादवांच्या मंत्र्याला, हेमाद्रीला देऊन टाकतो. ज्यांनी हे घडवलं त्या कारागिरांची बुद्धी मात्र दगडातच वाचावी लागते.

यादवकालीन खांबाचंच बघा. तळाशी चौकोन, वर अष्टकोन, त्याही वर वर्तुळ. चौकोनातून अचूक अष्टकोन काढायला एक दोरी पुरते. कर्णाच्या निम्म्या लांबीची दोरी प्रत्येक कोपऱ्यावर धरून कंस फिरवायचा. तो बाजूंना जिथं छेदतो, ते अष्टकोनाचे आठ बिंदू. हाच चौकोन मध्यबिंदूभोवती समान अंशांनी फिरवत गेलं, की मंदिराचं तारकाकृती विधान, म्हणजे तळाचा आराखडा, तयार होतं. त्याच्या कोनांमुळे भिंतीवर ऊन-सावलीच्या उभ्या रेघा पडतात आणि जड काळा पाषाण हलका भासतो. भूमिती संपून शिल्प कुठं सुरू झालं, ते सांगताच येत नाही.

बारवेतही तेच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टप्प्यांमुळे तिचा दाब विभागला जातो. त्याच टप्प्यांच्या पायऱ्या झाल्यानं पाणी कितीही खाली गेलं तरी हात पोचतो. प्रवेशांच्या संख्येवरून शिल्पग्रंथांनी बारवांना नंदा, भद्रा, जया, विजया अशी नावं दिली. सेलू तालुक्यातल्या वालूरला तर जिना चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतो.

यादव सत्ता गेली, राजवटी बदलल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1914 साली पुरातत्त्व खातं सुरू झालं. गुलाम याझदानींच्या नेतृत्वाखालच्या त्या खात्याचं मोठं काम अजिंठ्यावर झालं. पुढं गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातल्या मंदिरांची शास्त्रशुद्ध ओळख करून दिली. गावोगावच्या बारवा मात्र नळ आणि विंधनविहिरी आल्यावर गाळानं, कचऱ्यानं भरत गेल्या.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेनं बारवांची ठिकाणं नकाशावर आणली. गावकरी गाळ काढायला उतरले, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लागू लागले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मोजमापं घेऊन आराखडे काढले. 2022 मध्ये टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या 8 बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बारवाही होत्या.

या सगळ्या प्रवासात मला मोलाचा वाटतो तो आराखडा काढणारा हात. नुसतं पाहून कौतुक होतं. मोजायला बसलं की हा कोन असाच का, ही पायरी एवढीच उंच का, असे प्रश्न पडतात, आणि नवं सुचतं ते या प्रश्नांतून. आपल्या शाळांनी विज्ञान, चित्रकला आणि कार्यानुभव यांना वेगवेगळे तास दिले. चारठाण्याच्या कारागिरांना ती वाटणी माहीत नव्हती. जिंतूर-सेलूच्या मुलांचा भूमितीचा एक तास दरवर्षी या खांबांपाशी, हातात दोरी आणि खडू घेऊन भरायला हवा. जतनाच्या निधीइतकीच या वारशाला त्या तासाचीही गरज आहे.