सुताचा नंबर आणि सळईचे वजन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कच्चा माल बहुधा वजनाने विकत घेतला जातो आणि लांबीने वापरला जातो. सळई व्यापाऱ्याकडून किलोच्या भावाने येते, पण लेथवरचा कारागीर ती मिलिमीटरने कापतो. तांब्याची तार काट्यावर तोलली जाते, पण मोटरीच्या वेटोळ्यात ती मीटरने गुंडाळली जाते. आणि याच वसाहतीत सिएट कंपनीचा जो टायरचा कारखाना आहे, त्या धंद्यात टायरच्या अंगी असणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्यांचाही सौदा वजनाचा आणि उपयोग लांबीचा असतो. त्र्यंबक रस्त्यावरचे हे सातपूर सोडून त्याच जिल्ह्यातील मालेगावच्या यंत्रमागांकडे किंवा येवल्याच्या पैठणीच्या मागांकडे गेले, तरी व्यवहाराचे हे स्वरूप पालटत नाही. वजन आणि लांबी यांची सांगड घालणाऱ्या या राशीस शास्त्रात रेखीय घनता म्हणतात. आणि तिच्या नानाविध मापांविषयी कारखान्यांत आणि कोठारांत जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ एवढेच आहे की, हाती आलेला आकडा सम त्रैराशिकाचा आहे की व्यस्त त्रैराशिकाचा, याची चौकशी न करताच त्याला गुणले जाते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हे दोन्ही प्रकार इ. स. ११५० च्या सुमारास वेगवेगळे करून शिकविले. आमच्या खरेदीखात्यांत मात्र त्यांची अजून गल्लत होते.

पहिला आणि सर्वांत खर्चिक गैरसमज हा की, नंबर मोठा म्हणजे सूत जाड. लोखंडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसास तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्याची १६ ची सळई १२ च्या सळईपेक्षा निःसंशय जाड असते. परंतु कापसाच्या सुताचा इंग्रजी नंबर, ज्याला गिरणीत काउंट म्हणतात, तो उलट्या दिशेने चालतो. दीड वार घेराच्या फाळक्यावर सुताचे ८० फेरे घेतले म्हणजे १२० वारांची एक ली होते, आणि अशा ७ ली मिळून ८४० वारांची एक हँक. एका पौंडात, म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत एका रत्तलात, अशा जितक्या हँका भरतील तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरचे सूत एका पौंडात ३३,६०० वार निघते आणि २० नंबरचे त्याच्या निम्मे, म्हणून ४० चे सूत बारीक व २० चे जाड. येथे वजन स्थिर आहे आणि लांबी बदलते. याउलट टेक्स व डेनिअर या मापांत लांबी स्थिर धरून वजन मोजतात: १,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स, आणि ९,००० मीटरचे वजन म्हणजे डेनिअर. त्यांत आकडा वाढला की सूत जाड होते.

दुसरा गैरसमज यातूनच जन्म घेतो. एका मापातून दुसऱ्यात जाण्यासाठी एखादा गुणक पाठ असला की पुरे, अशी समजूत असते. टेक्सला ९ ने गुणून डेनिअर मिळतो, हे खरे. कारण दोन्ही मापे एकाच दिशेची आहेत. पण इंग्रजी नंबराचे टेक्स करण्यास गुणक नाहीच, तेथे ५९०.५ या स्थिरांकाला नंबराने भागावे लागते, आणि डेनिअर हवा असल्यास ५,३१५ ला. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. ८४० वार म्हणजे ७६८.१ मीटर आणि एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, या दोहोंच्या भागाकारातून ५९०.५ बाहेर येतो आणि त्याची ९ पट ५,३१५ होते. म्हणून ४० नंबरचे सूत १४.८ टेक्सचे, किंवा १३३ डेनिअरचे. शंभर नंबरचे कापसाचे सूत आणि शंभर डेनिअरचा पॉलिएस्टरचा धागा ही एकसारखीच, असे समजून जो विणकर एकाच्या जागी दुसरे वापरील, त्याच्या हाती पडणारा धागा जवळजवळ दुप्पट किंवा निम्म्या वजनाचा असेल, कारण १०० नंबर म्हणजे अवघे ५३ डेनिअर. केवळ ७३ या आकड्याच्या आसपासच नंबर आणि डेनिअर यांची गाठ पडते. पण या योगायोगावर कोणी धंदा चालवू नये.

व्यस्त मापांची सरासरी काढताना तर जाणते लोकही फसतात. २० नंबरची आणि ४० नंबरची समान लांबीची सुते घेतली, तर त्यांची सरासरी ३० नंबर येईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे टेक्स २९.५ व १४.८ असल्यामुळे सरासरी २२.१ टेक्स, म्हणजे २६.७ नंबर निघते. तोच प्रकार पीळ देताना. ३० चे आणि २० चे सूत एकत्र पिळले तर होणारा दोर ५० नंबरचा नसतो आणि २५ चाही नसतो. तो १२ नंबरचा असतो. टेक्सच्या मापाने मात्र नुसती बेरीज करावी, १९.७ आणि २९.५ मिळून ४९.२, आणि काम संपले. टेक्सचा पुरस्कार आंतरराष्ट्रीय मानकांनी केला त्याचे एक कारण हा सरळपणा आहे, आणि माझ्या मते तेवढे एकच कारणही पुरेसे होते.

आकड्यांमधली तिरपी रेघ हा एक स्वतंत्र अध्याय ठरावा. सुती कापडाच्या बाजारात २/४० असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ ४० नंबरची दोन सुते पिळून केलेले दुपदरी सूत, ज्याचा एकत्रित नंबर २० होतो. येवल्याच्या मागावर पैठणीसाठी जे रेशीम येते त्याच्या धंद्यात २०/२२ असे लिहितात. ते दुपदरी असण्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही, कारण कोशातून निघणारा तंतू निसर्गतःच सर्वत्र सारखा नसल्यामुळे असे अनेक तंतू मिळून होणाऱ्या धाग्याचे माप २० ते २२ डेनिअरच्या दरम्यान आहे, इतकेच ते सांगतात. पॉलिएस्टरच्या धाग्यावर १५०/४८ असेल तर एकूण १५० डेनिअर आणि त्यात ४८ तंतू, म्हणजे दर तंतूस तीनहून थोडे अधिक डेनिअर. आणि टायरच्या दोऱ्याला १२६०/२ म्हटले की १,२६० डेनिअरचे दोन पदर. चार बाजारांत रेघ एकच आणि तिचे अर्थ चार. तेव्हा माल कोणत्या धंद्याचा हे ठाऊक नसताना ती वाचण्याचा आग्रह धरू नये. त्यातही टायरच्या दोऱ्याची बेरीज २,५२० डेनिअर होईल असे गृहीत धरणे चूक आहे. पिळामुळे लांबी आकसते आणि तयार दोऱ्याचे मीटरमागचे वजन त्या बेरजेहून अधिक भरते.

याच धंद्यात डेनिअर आणि डेसिटेक्स ही दोन मापे एक समजण्याची गफलत होते, कारण दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके निकट असतात की कागदावर तफावत डोळ्यांत भरत नाही. डेसिटेक्स म्हणजे १०,००० मीटरचे वजन. म्हणून १,२६० डेनिअरचा धागा १,४०० डेसिटेक्सचा आणि १,८९० चा २,१०० डेसिटेक्सचा असतो. अकरा टक्क्यांचा हा फरक साडीच्या पदरात खपून जाईल. टायरमध्ये खपणार नाही.

डेनिअर म्हणजे धाग्याची जाडी, ही समजूतही तितकीच दृढ आहे. डेनिअर वजन सांगतो. जाडी किती हे त्या द्रव्याच्या घनतेवर अवलंबून राहते. पॉलिएस्टरची घनता १.३८ आणि पॉलिप्रॉपिलीनची ०.९१ असल्यामुळे समान डेनिअरचा पॉलिप्रॉपिलीनचा तंतू व्यासाने सुमारे २३ टक्के अधिक जाड असतो.

आता लोखंडाकडे वळू, कारण सातपुरातील वाचकांस खरी आस्था तिकडची असणार. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की मीटरमागे किलोत वजन मिळते, हा मंत्र बांधकामाच्या मुकादमापासून कारखान्याच्या भांडारपालापर्यंत सर्वांच्या जिभेवर आहे, आणि तो खराही आहे. पण तो कशाला लागू आहे याचा विसर पडला आहे. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो आणि आडवा छेद वर्तुळाकार, या दोन अटींतून १६२ हा आकडा निघालेला आहे. १२ मिलिमीटरच्या गोल पोलादी सळईस तो मीटरमागे ०.८८९ किलो देतो. तेवढ्याच बाजूची चौकोनी सळई १.१३ किलो भरते, म्हणून चौकोनी मालास भाजक १२७ घ्यावा लागतो. ॲल्युमिनिअमच्या गोल सळईचे वजन मीटरमागे सुमारे ०.३१ किलो, म्हणून तेथे भाजक ४७१ च्या घरात जातो. पितळ पोलादाहून जड, त्याला साधारण १५०. एकच १६२ सर्व धातूंना लावून अंदाजपत्रक तयार करणाऱ्याची फसगत व्यापाऱ्याने केलेली नसते.

टीएमटी सळईबाबत आणखी एक वाद नेहमी ऐकू येतो. ग्राहक वर्निअर लावतो, दोन कड्यांच्या मध्ये मोजतो, व्यास १२ भरत नाही असे पाहतो आणि आपणांस ठकविले गेले अशी तक्रार नोंदवितो. अशा सळईचा नाममात्र व्यास हा मुळी वर्निअरने ठरतच नाही. अंगावर कडा नसलेल्या आणि मीटरमागे तितक्याच वजनाच्या साध्या गोल सळईचा जो व्यास, तोच तिचा व्यास, असे भारतीय मानक १७८६ सांगते. तेव्हा भांडण सोडवायचे असेल तर काट्यावर जावे. १२ मीटर लांबीची १२ मिलिमीटरची सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे, आणि या आकारास त्या मानकाने ५ टक्क्यांची अधिकउणे सूट दिलेली असल्याने १०.१२ ते ११.१९ किलोपर्यंतचा माल नियमबाह्य ठरत नाही. सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, भाषेत बोलणारे जुने मिस्त्री तिला चार सूत म्हणतात. अर्ध्या इंचाचे ते १२.७ मिलिमीटर असल्यामुळे चार सुताच्या हिशेबाने वजन धरले तर १२ टक्के फाजील येते, हेही ध्यानात असावे.

रूळ हे आणखी एक उदाहरण. नाशिकरोडवरून धावणाऱ्या गाड्यांखालच्या रुळांस आज ६० किलोचे म्हणतात, आणि पूर्वी ९० पौंडी रूळ असत. ९० हा आकडा मोठा म्हणून ते जुने रूळ अधिक भारी, असे मानणे व्यर्थ होय. ९० पौंड दर वाराचे आणि ६० किलो दर मीटरचे. एका मापात आणले तर जुना रूळ मीटरमागे अवघा ४४.६ किलोचा ठरतो.

सुताच्या बाबतीत हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कापूस ओल शोषतो. त्यामुळे नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये तोललेली आणि जुलैच्या भिजट हवेत तोललेली तीच लडी दोन नंबर दाखविते. सुक्या वजनाच्या मानाने ओलाव्याचे प्रमाण ६ वरून १० टक्क्यांवर गेले तर ४० नंबरचे सूत साडेअडतीसचे भासते. म्हणूनच चाचणीपूर्वी सूत २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या दालनात ठेवण्याचा शिरस्ता आहे, आणि कापसासाठी ८.५ टक्के ओलावा व्यवहारात ग्राह्य धरतात. पॉलिएस्टरला ही चिंता जवळजवळ नाही. त्याचा ओलावा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो.

भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यासरशी हे सारे जुने हिशेब बाद झाले, असा समज शिक्षित वर्गात दिसतो. वार आणि रत्तल दुकानांतून गेले हे खरे; पण गिरणीच्या कोनावर आजही ४० काउंटच छापलेले असते आणि त्याच्या पोटात तेच ८४० वार दडलेले असतात. शास्त्राच्या दृष्टीने सुताचे आणि सळईचे माप मुळात एकच आहे: ग्रॅम दर किलोमीटर म्हणजे टेक्स, आणि त्या मापाने बारा मिलिमीटरची सळई सुमारे ८ लक्ष ८८ हजार टेक्सची होते. कोणी तसे लिहीत नाही, लिहिण्याची आवश्यकताही नाही. खरेदीपत्रावर मात्र नुसता आकडा कधीही लिहू नये. त्याच्यापुढे मापाचे नाव, पदरांची संख्या, सूत असल्यास ओलाव्याची अट आणि धातू असल्यास त्याचा प्रकार व छेदाचा आकार, एवढा मजकूर अवश्य नमूद करावा, आणि माल आला की प्रथम काट्यावर घालून मग पावतीवर सही करावी.