महाराष्ट्रातील रोमन नाणी

रोमन साम्राज्याशी चाललेल्या सागरी व्यापारातून सोन्याची ऑरियस व चांदीची दिनारियस ही नाणी भारतात आली. त्यांचे मोठे साठे प्रामुख्याने तमिळनाडू, केरळ व आंध्र प्रदेशात सापडले. सोपारा, कल्याण यांसारखी बंदरे असूनही महाराष्ट्रात ती तुरळकच मिळतात. सातवाहन व क्षत्रप राजांचे स्वतःचे चलन असल्याने परकीय चांदी वितळवून तिची नवी नाणी पाडली गेली असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

तेर (जि. धाराशिव) येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. ओवण्यासाठी केलेल्या छिद्रांवरून त्या गळ्यात घालत असावेत. खऱ्या नाण्यांइतकाच हा मातीचा पुरावा बोलका आहे.

संग्राहकाच्या हाती आलेल्या नाण्यावरील सम्राट ओळखता येतो. मात्र ते कोठे, कोणत्या थरात व कशासोबत सापडले हे न नोंदल्यास व्यापाराच्या इतिहासासाठी त्याचे मोल फार उरत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाहीत.